माशाचा काटा कसा काढावा

मॅनेजर लोकहो, रिस्क शोधायला मीटिंग बोलावणारच असाल तर माझ्याकडून चार युक्त्या घ्या. कालच अशा मीटिंगमध्ये तीन तास बसून आलेय, ज्ञान अगदी ताजं आहे.

आधी फिशबोनचे, म्हणजे डोक्यात समस्या आणि काट्यांवर कारणं लिहायच्या त्या माशाच्या चित्राचे, रंग ठरवा. डोकं निळं की केशरी, यात पहिला तास गेलाच पाहिजे.

डोक्यात नुसतं 'प्रोजेक्ट लेट' लिहा. 'टेस्टिंगच्या दिवशी डेटा तयार नाही' असं नेमकं लिहिलंत तर लोक नेमकी कारणं सांगायला लागतील, नसती आफत.

काट्यांना माणूस, मशीन, मटेरियल, मेथड हीच नावं द्या. जपानी क्वालिटी-तज्ज्ञ इशिकावांचं हे चित्र कारखान्यातल्या क्वालिटीसाठी होतं, आपलं सॉफ्टवेअरचं, म्हणून काय झालं? 'मटेरियल'खाली कुणीतरी लॅपटॉप म्हणेल. लिहून घ्या.

फ्लोचार्टमध्ये, म्हणजे कामाच्या टप्प्यांच्या चित्रात, जिथे हो की नाही ठरतं त्या डायमंडमधून फक्त 'हो'चा बाण काढा. अप्रूव्हल नाकारलं तर काम कुठे जाऊन पडतं ते कुणाला माहितीये, आणि नेमकी तिथेच रिस्क असते, पण चित्र कसं सरळ दिसतं ना!

फॉल्ट ट्रीच्या, म्हणजे वर बिघाड आणि खाली कारणांच्या फांद्या असलेल्या झाडाच्या, वाटेला जाऊ नका. तो १९६२ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत मिनिटमन क्षेपणास्त्राची लाँच कंट्रोल यंत्रणा तपासायला बनवला. त्यात 'आणि' कुठे (सगळी कारणं जुळली तरच बिघाड), 'किंवा' कुठे (एकच कारण पुरे) याचा विचार करावा लागतो.

बो-टायमध्ये, म्हणजे मधल्या गाठीत नको ती घटना असलेल्या चित्रात, डावीकडे धोके, उजवीकडे परिणाम, मधल्या सगळ्या अडथळ्यांवर 'योग्य ती काळजी घेणे'. झालं.

आता मुख्य युक्ती. एखादा काटा टोचत असेल तर काढून टाका. मी मागच्या मीटिंगमध्ये सुरुवातीलाच म्हणाले होते की मायग्रेशनची, म्हणजे जुन्या सिस्टीमवरून नव्यावर जायची, स्क्रिप्ट एकाच माणसाला कळते आणि तो नोटीस पिरियडवर आहे. आधी ऐकलं, 'निगेटिव्ह नको बोलूस'. मग ऐकलं, 'स्लाइड फार गच्च होतेय, क्लायंट बघणारे'. काटा डिलीट. तो माणूस गेला, स्क्रिप्ट फुटली, आम्ही तीन रात्री जागलो, आणि काल परत तोच मासा, यावेळी 'असं का झालं' म्हणून, आणि 'माणूस'च्या काट्याखाली काय लिहिलं असेल? 'टीमने वेळेत कळवलं नाही'. वेळेत कळवलं नाही!

बास झालं आता. चित्रात काही वाईट नाहीये, तुम्हाला ते वापरायचंच नाहीये. प्रत्येक काट्याला 'हे कशामुळे' विचारत खाली उतरायचं असतं. टोकाला पोचलं की वाक्य लिहायचं: हे कारण आहे, त्यामुळे असं होऊ शकतं, झालं तर इतकं नुकसान. ते रिस्क रजिस्टरमध्ये, म्हणजे धोक्यांच्या यादीत, जातं, समोर एका माणसाचं नाव लागतं. 'टीम' नाही, माणसाचं. तुम्ही पीडीएफ फोल्डरमध्ये टाकता आणि घरी जाता, आणि नंतर ज्याने काटा दाखवला त्यालाच उभं करता. लाज वाटू द्या जरा. त्या चित्राचं व्हर्जन तीन अजून त्याच फोल्डरमध्ये आहे, माझा काटा आहे त्यात, तारखेसकट. उघडा आणि बघा.