व्होल्टेज वाढले की करंट घटतो?

“वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, म्हणून व्होल्टेज वाढले की करंट आपोआप घटतो, ओहमचा नियम पुस्तकापुरताच खरा,” असा दावा सर्रास पुढे पाठवला जातो. (ओहमचा नियम: करंट म्हणजे व्होल्टेज भागिले रोध.) पुष्टीसाठी दूरवर वीज नेणाऱ्या उच्चदाबाच्या (म्हणजे जास्त व्होल्टेजच्या) पारेषण वाहिन्या आणि कमी दाबावर जळणारी मोटर असे दोन दाखले दिले जातात. दाखले खरे आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

आधी गणित पाहू. एक घटक वाढल्यावर दुसरा घटतो, हे गुणाकार कायम राहणार असेल तरच म्हणता येते, आणि साध्या परिपथात तो कायम राहत नाही. १०० ओहमच्या, पाव वॅट क्षमतेच्या रोधाला ५ व्होल्ट दिले तर ५० मिलिअँपिअर करंट वाहतो आणि पाव वॅट उष्णता निर्माण होते. १० व्होल्ट देताच करंट १०० मिलिअँपिअर होतो, उष्णता चौपट, म्हणजे १ वॅट होते, आणि थोड्याच वेळात रोधावरचे रंगीत पट्टे काळवंडून जळका वास येऊ लागतो. वॅट कायम राहत असते, तर तो आधीपेक्षा जास्त तापायचे कारणच नव्हते.

पारेषण वाहिन्यांचा दाखला सर्वांत फसवा आहे. तेथे पलीकडे किती शक्ती पोहोचवायची हे आधीच ठरलेले असते. समजा १० लाख वॅट पोहोचवायचे आहेत: १०,००० व्होल्टला १०० अँपिअर लागतात, १,००,००० व्होल्टला केवळ १०. पण हे साधते ट्रान्सफॉर्मरमुळे, आणि त्याच्यामुळेच वाहिनीला जाणवणारा भाराचा रोध १०० ओहमवरून १०,००० ओहमवर जातो. व्होल्टेज दहापट आणि रोध शंभरपट झाल्यावर करंट एक दशांश होणार, हे ओहमचा नियमच सांगतो. शिवाय तारेचा स्वतःचा रोध ५ ओहम धरला, तर तिच्यावर खर्च होणारे व्होल्टेज ५०० वरून ५० व्होल्टवर येते. म्हणजे तारेपुरते पाहिले तर व्होल्टेज आणि करंट बरोबरीनेच घटले.

ओहमने १८२७ मध्ये मांडलेला हा नियम प्रत्यक्ष तारांवरच्या मोजमापांतून आला होता, त्यामुळे त्याला ‘पुस्तकी’ म्हणणे अन्यायाचे आहे. तंतूच्या दिव्यात व्होल्टेज वाढवले की तंतू तापून रोध वाढतो, म्हणून करंट त्या प्रमाणात वाढत नाही, पण वाढतोच.

राहिली मोटर. भार ओढणारी इंडक्शन मोटर कमी दाबावर जास्त करंट घेते, कारण रोटर (मोटरचा फिरणारा भाग) किंचित मागे पडून स्लिप, म्हणजे फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या मागे राहण्याचे प्रमाण, वाढते आणि त्यामुळे पुरवठ्याला जाणवणारा मोटरचा रोध घटतो. थांबलेल्या मोटरला मात्र व्होल्टेज कमी दिले की करंटही कमीच वाहतो. स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटरच्या वाइंडिंगची, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांची, जोडणी आधी स्टार आणि मग डेल्टा करणारे उपकरण) नेमका याचाच उपयोग करतो: सुरुवातीला स्टार जोडणीत प्रत्येक वाइंडिंगला सुमारे ५८ टक्केच व्होल्टेज मिळते आणि लाइनमधला करंट डेल्टाच्या एक तृतीयांशावर येतो.