अकरावं वचन सगळ्यांना पाठ, पाचवं कोणालाच नाही

आज संध्याकाळी एका घरगुती प्रार्थनेहून आले ती डोकं फिरवूनच. म्हणून लिहितेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

पोरगा डिप्लोमावाला, सुप्याच्या एमआयडीसीत कंत्राटावर. कॅनडाचा व्हिसा नाकारला गेला म्हणून प्रार्थना ठेवलेली. पाहुण्या पास्टरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि ठेवणीतलं वचन काढलं, यिर्मया २९:११, म्हणजे बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं. तुझ्याविषयी देवाचे संकल्प हिताचे आहेत, याच वर्षी दार उघडणार, म्हणा आमेन! आई रडत रडत आमेन म्हणाली. पोरगा सतरंजीकडे बघत बसला होता.

हे वचन आपल्याकडे कुठे नाही ते सांगा. कॅलेंडरवर, किचेनवर, लग्नपत्रिकेवर, रोज सकाळी व्हॉट्सॲपला गुलाबाच्या फुलासकट. आणि त्याच्या वरची दहा वचनं? ती कोणासाठी लिहिलीत?

अहो, ते पत्र आहे! यिर्मयाने यरुशलेमेहून बाबेलला, म्हणजे बॅबिलॉनला, पाठवलेलं. इ.स.पूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या राजाने, नबुखद्नेस्सराने, यरुशलेमेतून तिथला राजा, राजमाता, कारागीर, लोहार सगळे उचलून नेले होते. त्या लोकांना एकच विचारायचं होतं, घरी कधी जायचं? आणि यिर्मया त्यांना काय कळवतो? घरं बांधून राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. मुलांची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. सत्तर वर्षं लागतील. सत्तर! पत्र ऐकणाऱ्या चाळिशीतल्या लोहाराने काय समजायचं? तो तिथेच मरणार. अकरावं वचन त्याच्या नातवंडांपर्यंत पोचेल, त्याच्या स्वतःच्या हातात पाचवं आहे, घरं बांधा, बागा लावा.

मला हे कुठल्या बायबल कॉलेजात नाही कळलं. माझी मावशी सरकारी नर्स होती, नगर जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांत. आज अकोले, उद्या जामखेड, मग पाथर्डी. क्वार्टर मिळालं की सामान लावायच्या आधी लिंबाचं रोप. लिंबू धरायला काही वर्षं जातात, आणि बदलीची ऑर्डर बहुतेक त्याआधीच हजर. आई चिडायची, "सरकारी अंगणात कशाला जीव काढतेस गं?" मावशीचं उत्तर ठरलेलं, "यिर्मया एकोणतीस, पाच." पाथर्डीला उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची, तिथेही भांडी विसळलेलं पाणी झाडाला.

आणि आता जरा स्पष्टच बोलते. एक अध्याय मागे जा. अठ्ठाविसाव्यात हनन्या नावाचा संदेष्टा भेटतो. तो भर मंदिरात, देवाचं नाव घेऊन सांगतो की दोन वर्षांत सगळं ठीक, सगळे परत येणार. लोकांना तोच आवडला असणार, कोणाला नाही आवडणार? यिर्मयाने त्याला तोंडावर सांगितलं की तू या लोकांना खोट्याचा भरवसा देतोयस. आजच्या त्या खोलीत "याच वर्षी" ऐकलं आणि मला हनन्याच आठवला. दार नाही उघडलं तर त्या आईला हेच लोक सांगतील, तुमचा विश्वास कमी पडला. संताप येतो हो!

बरं, मान्य आहे, वाईट रात्री माणूस एका ओळीला धरून पहाट गाठतो. गाठू दे. माझं भांडण तारीख ठोकून देणाऱ्यांशी आहे.

पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून, हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत उतरवलं, साध्या बायाबापड्यांना आपलं आपण वाचता यावं म्हणून. १९२२ साली गेल्या तोवर तेच काम चालू होतं. ते काय एक ओळ कापून मगवर छापायला?

मावशीकडे परत येते. पाचव्याचं सगळे कौतुक करतील, झाड म्हटलं की छान वाटतं. सातवं अवघड आहे. शहराचं भलं मागा, म्हणजे ज्यांनी तुम्हाला ओढून आणलं त्यांचं. एका गावात तिच्या हातचा चहा काही घरांत चालायचा नाही. का, ते तुम्हाला माहीत आहे, मी लिहीत बसत नाही. त्याच घरांतल्या बाळंतिणींची नावं घेऊन ती रात्री प्रार्थना करायची, आणि रात्री-अपरात्री बोलावणं आलं की पिशवी उचलून निघायची. चर्चच्या मंडळीत उभं राहून यावर तिने कधी साक्ष दिली नाही. मी लहान असताना विचारलं होतं, तुला राग नाही येत? म्हणाली, "येतो की. पण बाळ आडवं असलं तर आधी तेच बघावं लागतं."

हे लिहिता लिहिता माझा पास्टरांवरचा राग निम्मा उतरला, काय करणार. त्यांना टॅग करू नका, प्लीज.

त्या पोराला मात्र मेसेज टाकलाय. व्हिसाचा अर्ज पुन्हा कर, जरूर कर, पण कंपनीत कायम करण्याबद्दल जे लेखी द्यायचं होतं ते सोमवारी देऊन टाक, आणि ते लग्नाचं दोन वर्षं लांबवलंयस त्याचंही बघ. अजून निळी टिक आलेली नाही.

खाली नुसतं आमेन लिहून पुढे जाऊ नका. अठ्ठाविसावा आणि एकोणतिसावा वाचा, दोन्ही मिळून एकोणपन्नास वचनं आहेत. मग या भांडायला.