‘एक ठाणेकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

रक्तातलं ड जीवनसत्त्व ३०च्या (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) खाली गेलं म्हणजे कमतरताच असं नाही, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, ‘३०च्या खाली कमतरता, हे शेंबडं पोरही रिपोर्ट बघून सांगेल. डॉक्टर नसताना लोकांच्या हाडांशी खेळू नका.’ पुढे वयस्कर माणसं, गरोदर बायका आणि कोविड यांबद्दलही बरंच आहे.

मत पटलं नाही तर जरूर सांगा, पण ‘खेळू नका’? माझं उभं आयुष्य ठाण्यातल्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासण्यात गेलं. वर्तकनगरचे एक गृहस्थ २४ या आकड्याशेजारचा ठळक ‘एल’ (म्हणजे ‘लो’, कमी) बघून काउंटरसमोरच मटकन खाली बसले होते. कॅल्शियम व्यवस्थित, चालणं-फिरणं उत्तम. माझ्या सख्ख्या मावशीने त्याच धास्तीपायी आठवड्याला एक घ्यायची ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी रोज घेतली. कॅल्शियम इतकं चढलं की उलट्यांनी हैराण होऊन ॲडमिट व्हावं लागलं. हे मी जवळून बघितलंय. तुम्ही काय बघितलंय?

आता तुमचा तो ३०. रिपोर्टवर छापलं म्हणजे ती काळ्या दगडावरची रेघ होत नाही. एंडोक्राइन सोसायटीने (हार्मोनतज्ज्ञ डॉक्टरांची संघटना) २०११ मध्ये २०च्या खाली कमतरता आणि ३०पर्यंत ‘अपुरं’ अशी विभागणी केली, तिथून तो आकडा सगळीकडे पसरला. त्याच सुमारास अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या आरोग्यविषयक सल्ला देणाऱ्या संस्थेने सांगितलं होतं की, २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर जवळजवळ सगळ्यांच्या हाडांना पुरतं. अनेकांचं त्याहून कमीतही भागतं. आणि २०२४ मध्ये खुद्द एंडोक्राइन सोसायटीने ३०चा आग्रह सोडला, धडधाकट माणसाने ही तपासणी सरसकट करू नये असंही सांगितलं. ज्यांनी आकडा दिला त्यांनीच तो सोडला, मग तुम्ही का कवटाळून बसलात? शिवाय एकाच रक्ताचे दोन पद्धतींनी दोन वेगळे आकडे येतात. २८ आणि ३१ मध्ये आजार शोधायचा कसा?

१२च्या खाली, म्हणजे फारच कमी गेलेल्याला ‘स्वस्थ बसा’ असं मी कुठेही म्हटलेलं नाही. लेख नीट वाचा.

पंचाहत्तरीपुढची माणसं आणि गरोदर बायका यांचा विचार वेगळा करावा लागतो, हे तुमचं म्हणणं मान्य. कोविडचा इथे संबंध नाही.

यापुढे लिहाल तेव्हा ३०च्या बाजूने काय आधार आहे तो लिहा, मी सविस्तर उत्तर देईन. मी डॉक्टर आहे की नाही, यावर मात्र पुन्हा बोलणार नाही.