फोटोवरून कोळ्याची नवी प्रजाती ठरत नाही

2021 मध्ये ठाणे-कल्याण परिसरातल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याचं ‘आयसियस तुकारामी’ असं नामकरण झालं. 26/11 च्या रात्री कसाबला धरून ठेवताना शहीद झालेल्या तुकाराम ओंबळे यांचं हे स्मरण. अशा बातम्यांसोबत एक दावा हमखास फिरतो: बागेतल्या कोळ्याचा फोटो काढा, मोबाइलवर शोधा, जुळणारं काही मिळालं नाही तर ती नवी प्रजाती; मग सरकारकडून हवं ते नाव मंजूर करून घ्या.

‘जुळणारं मिळालं नाही’ यावरून काहीच सिद्ध होत नाही. उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळात 6000 हून अधिक प्रजाती नोंदलेल्या आहेत आणि कित्येकींचा जिवंतपणीचा एकही फोटो उपलब्ध नाही; आहेत ती जुनी वर्णनं आणि रेखाटनं. शिवाय नर-मादी इतके वेगळे दिसतात की एकाच प्रजातीला दोन नावं पडल्याचीही उदाहरणं आहेत.

रंगावरून ओळख पटते, हा दुसरा भ्रम. नमुना अल्कोहोलमध्ये जपून ठेवला की रंग उडतात, म्हणून फोटो आधी घ्यायचाच. पण निर्णय होतो तो जननांगांवर. तीही शेवटची कात टाकल्यावरच पूर्ण घडतात, त्यामुळे पिल्लू कितीही देखणं असलं तरी बहुतेकदा निरुपयोगी. नराच्या तोंडाजवळच्या आखूड, पायासारख्या पॅल्पचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या बाजूंनी पाहतात. मादीच्या पोटाखालची जननपट्टिका बारीक सुईने सोडवून 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवतात. मऊ ऊती विरघळतात आणि आतल्या नळ्यांची वळणं दिसू लागतात. इथे घाई नको आणि विसरभोळेपणाही नको: जास्त वेळ राहिली तर पट्टिका इतकी पारदर्शक होते की नळ्यांच्या कडाच हरवतात.

नमुना 70 टक्के इथेनॉलमध्ये, डीएनए हवा असेल तर 95 टक्क्यांच्या वर. ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव असलेली चिठ्ठी कुपीच्या आत, पेन्सिलने लिहिलेली. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते आणि ठिकाण हरवलेला नमुना जवळपास वाया जातो.

नावाला सरकारी मंजुरी लागत नाही. जवळच्या प्रजातींशी तुलना, रेखाटनं आणि एक ठरवलेला मूळ नमुना यांसह शोधनिबंध छापून आला की नाव लागू होतं. तो फक्त ऑनलाइन असेल तर झूबँक या प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंद आवश्यक. पुरुषाच्या नावावरून ठेवलेलं नाव सहसा ‘ई’काराने संपतं, म्हणून तुकारामी. कायदा येतो तो दुसरीकडे: राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात नमुना पकडायला वनखात्याची परवानगी हवी आणि 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या प्रजातीचा नमुना नेमून दिलेल्या संस्थेत जमा करावा लागतो.

आणि ‘उडी मारून चावतो’ ही भीती सोडून द्या. पायांत शरीरद्रवाचा दाब एकदम वाढवून तो झेपावतो, मागे रेशमाचा धागा सोडत. त्याचं विष माशीपुरतं, माणसाला धोक्याचं नाही. भिंतीवर दिसला तर चप्पल उचलू नका.