सगळं खापर नेडरवर नको

२००० सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅट उमेदवार गोर फ्लोरिडा राज्यात रिपब्लिकन बुश यांच्याकडून हरले ते ग्रीन पक्षाच्या नेडरने मतं खाल्ली म्हणून, असं एका लेखात म्हटलंय. अर्धंच खरं आहे. नेडरला ९७ हजारांवर मतं पडली आणि बुश जिंकले अवघ्या ५३७ मतांनी, हे मान्य. पण तिथल्या पाम बीच काउंटीतल्या (म्हणजे जिल्ह्यातल्या) मतपत्रिकेचा लेखात साधा उल्लेखही नाही!

उमेदवार जास्त आणि म्हाताऱ्या मतदारांना वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी, त्यामुळे नावं समोरासमोरच्या दोन पानांवर छापली आणि मत देण्यासाठी भोकं पाडायची ओळ मधोमध. डावीकडे बुश पहिले, गोर दुसरे. पण दुसरं भोक होतं उजव्या पानावरच्या ब्युकॅनन यांचं. गोर यांचं तिसरं. त्या डेमोक्रॅट बालेकिल्ल्यात कडव्या उजव्या ब्युकॅनन यांना ३,४०७ मतं पडली. ती सगळी आपली नसावीत, असं खुद्द तेच म्हणाले. शिवाय एकाहून जास्त भोकं पाडलेल्या हजारो पत्रिका बाद झाल्या त्या वेगळ्याच.

पुढे फेरमोजणीत ब्रॉवर्ड या दुसऱ्या काउंटीत अधिकारी डोळे वटारून, भिंग लावून अर्धवट पाडलेल्या भोकांना लोंबकळणारे कागदाचे कपटे तपासत बसले होते, तो फोटो आठवतोय का कुणाला? १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा निकालाने फेरमोजणीच थांबवली. राज्याची २५ इलेक्टोरल मतं (अध्यक्ष ठरतो तो याच मतांवर) बुशना, आणि देशभरात पाच लाखांवर मतं जास्त मिळवूनही गोर घरी. नेडरला शिव्या घाला हवं तर, पण दोषींच्या रांगेत तो शेवटून पहिला!