‘उलटली नाही म्हणजे गाभण’ आणि ते माजाचं इंजेक्शन

दूधवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय (उलटणं म्हणजे भरवल्यावर, रेतन केल्यावर पुन्हा माजावर येणं): ‘भरवल्यावर २१ दिवसांनी गाय उलटली नाही म्हणजे गाभण. मधे रक्त दिसलं तर ठरली नाही. शंका असेल तर माजाचं इंजेक्शन द्या. रिकामी असेल तर माजावर येईल, गाभण असेल तर काही होत नाही.’

शेवटच्या वाक्यानं पोटातली वासरं मरतात, म्हणून आधी तेच घेतो.

माजाचं म्हणून टोचतात ते बहुतेक वेळा प्रोस्टाग्लँडिन असतं. ते अंडाशयावरचा पीतपिंड, म्हणजे बीज सुटल्यावर तिथं तयार होणारी पिवळी गाठ, विरघळवतं. पीतपिंडातून येणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक थांबलं की दोन ते पाच दिवसांत गाय माजावर येते. पण गर्भ टिकतो तो याच प्रोजेस्टेरॉनवर. रिकाम्या गायीचं गर्भाशय सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास स्वतःच प्रोस्टाग्लँडिन सोडतं. गर्भ असेल तर तो इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रथिन सोडून ते थोपवतो. दोऱ्यासारखा लांबट, कोवळा जीव, पण पीतपिंड राखतो. तेच औषध आपण बाहेरून टोचलं तर त्याचं काही चालत नाही. पहिल्या पाच महिन्यांत दिलं तर गाय गाभडते. गव्हाणीमागच्या शेणात पडलेलं दोन महिन्यांचं पिल्लू मी पाहिलंय: उंदराएवढं, खुरांच्या जागी नुसती खूण. मालक म्हणत होता, ‘खात्री करायला दिलं होतं.’

आता २१ दिवसांचं. माज १८ ते २४ दिवसांत कधीही येतो, जेमतेम १२ ते १८ तास टिकतो आणि रात्रीतून येऊन जातो. म्हशीचा मुका माज तर दिवसाही कळत नाही. गर्भाशयात पू साठला तरी गाय उलटत नाही. उलट काही गाभण गायीही माज दाखवतात. त्या न तपासता पुन्हा भरवल्या तर रेतनाच्या नळीनं आतला गर्भ जाऊ शकतो.

रक्ताचं सोपं आहे. माजानंतर एक-दोन दिवसांनी गर्भाशयाच्या अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्यांतून ते झिरपतं. गाय ठरली की नाही, हे त्यावरून कळत नाही. माज होऊन गेला एवढंच कळतं. तारीख लिहून ठेवा.

खात्री हवी तर सोनोग्राफीनं तिसाव्या दिवसाच्या आसपास, हातानं दीड-दोन महिन्यांनी जाणत्या पशुवैद्यकाकडून तपासून घ्या. त्याआधी सुई नको.

आणि मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट: हे औषध कातडीतूनही शरीरात जातं. घरातल्या गरोदर बाईनं किंवा दमेकऱ्यानं त्या बाटलीला, सिरिंजला हातही लावू नये.