रोलर फिरवा, चित्र तयार?

बालगंधर्वला किंवा घोले रोडच्या कलादालनात अमूर्त चित्रं लागली की पुण्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हा मजकूर हमखास फिरतो: ‘माणूस काढता येत नाही तो अमूर्ताकडे वळतो. रोलर फिरवा, तासाभरात चित्र तयार. त्यात चुकायला काही नसतंच.’

माणूस काढण्याचं आधी बघू. अमूर्त चित्रांसाठी ओळखले जाणारे चित्रकार वासुदेव गायतोंडे १९४८ साली मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाची पदविका घेऊन बाहेर पडले. त्यांची सुरुवातीची चित्रं शोधून पाहा, माणसं दिसतील. पुढे माणूस गेला तो ठरवून.

रोलरचं मात्र खरं आहे. गायतोंडे रोलर वापरत, पॅलेट नाइफही (रंगाची पातळ, बोथट सुरी) वापरत. पण रंग नुसता चढवायचा नसतो, उतरवायचाही असतो. ओल्या थरावर फाडलेला कागद दाबायचा आणि उचलायचा; वरचा रंग कागदाबरोबर येतो, खालचा डोकावतो. घाई केली तर खालचा थरही उखडतो, उशीर झाला तर कागद कोराच परत येतो. वर्षाकाठी त्यांचे जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पुरे होत, ते उगाच नाही.

आता तो ‘तासाभर’. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. पातळ थर बोटाला लागेनासा व्हायला दोन दिवस ते दोन आठवडे जातात, दमट अंधाऱ्या खोलीत त्याहून जास्त. नेहमीचं वॉर्निश सहा महिने ते वर्षभराने. तोवर जुलैत कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवला, तर पाठीला बुरशी धरलीच म्हणून समजा.

आणि चुकायला काही नसतं? खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्या थरांत तेल अधिक, हा क्रम मोडून बघा. वरचा थर आधी कडक होतो, खालचा मऊच असतो, आणि कालांतराने भेगा पडतात. टर्पेंटाइन फार झालं तर रंगकण धरून ठेवायला तेलच उरत नाही. बोट फिरवलं की पूड हाताला येते. तैलरंगावर ॲक्रिलिक (पाण्यात मिसळणारा रंग) चढवलं की पापुद्रे सुटतात. (उलट चालतं: खाली ॲक्रिलिक, वर तैलरंग.)

निसर्गचित्रातली भेग वडाच्या पारंब्यांत खपून जाते. पाच फुटी, जवळजवळ एकरंगी कॅनव्हासवर ती दारातूनच दिसते.